सोजराबाईंचे आभार

"समता, ही कलाबाई खरी कोण?" शालिग्राम सरांनी फोनवर विचारलं, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मी त्यांना लेख तपासायला दिला होता. नियतकालिकाकडे पाठवण्याआधी एकदा त्यांची नजर फिरावी, एवढंच. सरांनी मला बी.ए.ला शिकवलं. निवृत्त झाल्यापासून बुलढाण्यातल्या निम्म्या प्राध्यापकांचे लेख त्यांच्या लाल पेनाखालून जातात, आणि त्याचा त्यांना तोराही आहे. असू दे. पण वाक्यं नीट करावीत, संदर्भ जुळवावेत. माणसं कोण, ही चौकशी कशाला?

लेख दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायकांवर होता. साखरखेर्ड्याकडच्या एका गावात चोरून दारू विकली जाते. माल कुठे दडवलाय ते पोलिसांना कळवणारी एक बाई त्याच गावात आहे, आणि ती कोण हे गावाला माहीत नाही. ती म्हणजे सोजराबाई. शिवणकाम करते. कपडे टाकायला येणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून तिला सगळं कळतं. तिने मला एकच अट घातली होती, "माहं नाव कुठी येऊ देजो नोको, बाई. तो माणूस मले जित्ती नाही ठेवणार."

म्हणून मी लेखात तिची कलाबाई केली आणि गावाचं नावच काढून टाकलं.

सरांना म्हटलं, नाव सांगता येणार नाही. ते नुसतं हं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. गाव साखरखेर्ड्याच्या बाजूचंच ना, असं हळू आवाजात विचारत होते, शेजारी कुणी बसल्यासारखं. मी विषय टाळला. मग धाडला मी शिकवते त्या कॉलेजातली योगिनी चहा पिता पिता सहज बोलून गेली, की सरांची बहीण त्याच भागात दिलेली आहे, नवऱ्याचं नाव भगवंतराव.

मी कप तसाच खाली ठेवला. त्या गावात दारू विकणाऱ्याचं नाव भगवंतरावच होतं. मला सरांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. एवढं पोटातलं कुणाच्या हातात देऊन बसले होते मी!

धाडहून जीप धरली आणि थेट बुलढाण्याला सरांचं घर गाठलं. बैठकीत एक धिप्पाड माणूस बशीत चहा ओतून पीत होता. सर म्हणाले, हे आमचे पाहुणे, भगवंतराव.

भगवंतरावाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, तुम्हाले आमच्या गावात पाह्यलं वाटते. काय लिहून राह्यल्या?"

मी तोंड उघडायच्या आत सरच बोलले. बचत गटावर खरडलंय काहीतरी, म्हणाले. लेखात दम नाही, वाचून डोकं दुखलं. आत जाऊन त्यांनी पाकीट आणलं, चिकटवून बंद केलेलं. अपमानाने माझे कान तापले. त्याच्यासमोर कशाला लाज काढायची? की दोघांचं आधीच ठरलं होतं?

सर फाटकापर्यंत सोडायला आले. मी तिथेच पाकीट फोडलं. वरच ऋणनिर्देशाचं पान होतं आणि त्यावर आडवीतिडवी लाल रेघ मारलेली. मी विचारलं, माझे आभार खोडायचा तुम्हाला काय अधिकार?

सरांनी बोट ठेवलं तिथे मी वाचलं. मीच लिहिलं होतं, मनापासून: सोजराबाईंनी शिलाई मशीनशेजारी मला जागा दिली, हे सारं त्यांच्यामुळे उमगलं, त्यांचे ऋण फिटणार नाहीत.

"लेखात तुही कलाबाई शिवणकाम करते," सर हळूच म्हणाले. "अन् शेवटी शिलाई मशीनवाल्या सोजराबाईचे आभार. मले शंका आली म्हणून तुले विचारत होतो. तू सांगत नव्हती. आत बसलाय त्याले शंका यायलेही वेळ नाही लागणार."

मी पान पाकिटात परत सरकवलं. मग जे मनात होतं तेच विचारलं, "पण सर, आता तुम्हालाही कळलं."

"हाव. ते काही खोडता येत नाही," ते म्हणाले आणि पाहुण्यांकडे परत गेले.

त्यांच्यावर विश्वास ठेवण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. तो पुरता बसला असं आजही म्हणवत नाही.

घरी येऊन ते पान लेखातून काढून टाकलं, सगळा लेख पुन्हा वाचला. वाचत होते तेवढ्यात सोजराबाईचा फोन आला. बाकी काही नाही, एवढंच विचारायचं होतं तिला, "माहं नाव कुठी नाही ना, बाई?"

"नाही," मी म्हणाले. तिने सकाळी विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं, आणि इतक्याच ठामपणे.