जामच्या बाटलीतला चमत्कार

सकाळचे सात वाजले नव्हते, तरी टायरच्या दुकानामागच्या गोदामासमोर शे-दीडशे माणसं रांगेत उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात आपापली बाटली होती. कोणाची जामची, कोणाची खोकल्याच्या औषधाची. बँकेतल्या साहेबांनी तर अत्तराची एवढीशी कुपी आणली होती, तिच्यात ते कसं साधलं त्यांचं त्यांनाच ठाऊक. बाटल्यांत काय होतं ते सांगायला जरा लाज वाटते, पण गोष्ट सुरू केलीच आहे तर सांगून टाकतो. त्या दिवशीची पहिली लघवी होती.

आत उंच खुर्चीवर निचराबाबा बसले होते. आदल्या संध्याकाळी ते प्रत्येकाला पेलाभर लाल रस पाजत आणि सकाळी एकेक बाटली खिडकीच्या उजेडात धरून निकाल देत. बाटली लाल असली की म्हणत, "निघाला. तीन पिढ्यांचा मत्सर निघाला. बघा कसा निचरा झालाय." पिवळी असली की मान हलवत. "पाप मुरलंय हो तुमचं. अजून एकवीस दिवस रस घ्या." म्हणजे लाल झाली तर बाबांची कृपा आणि पिवळी राहिली तर आपलं पाप. बाबांचं काम दोन्हीकडून भागत होतं.

"एखादा अतिशहाणा म्हणेल, रस लाल म्हणून लघवी लाल," बाबा मधूनच डोळे मिटून म्हणत. "मग त्याच घागरीतला रस प्यायलेल्या शेजाऱ्याची पिवळी का? आहे उत्तर?"

उत्तर कोणाजवळच नव्हतं. भिंतीशी उभ्या असलेल्या सूनबाईजवळही नव्हतं, आणि तिला त्याचा मनापासून राग येत होता. कारण बाबांच्या शेजारी, मानाच्या स्टुलावर, तिचे सासरे बसले होते.

सासरे म्हणजे चौकातले घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. "मागचं झाकण उघडल्याशिवाय घड्याळाबद्दल बोलू नये," असं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवणारा. पण इथे त्यांनी बुद्धी बहुधा चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली होती. बाकीच्यांची बाटली एखादा दिवस लाल होई आणि संपे. घड्याळजींची जामची बाटली मात्र लालच राही. बाबांनी त्यांना 'महाशुद्ध' ठरवलं आणि दहा दिवसांपूर्वी त्यांचा रसही बंद केला. "तुमचा झरा आता आपोआप वाहतोय. नुसती बाटली आणत चला." तेव्हापासून म्हातारबुवा ताठ मानेनं चालू लागले होते.

त्याच दिवशी गोदामातून घरी परतणाऱ्या सूनबाईला भाजीवाल्या मावशींनी हाक मारली. महिनाभर बाजारात बीट दिसत नव्हतं. मावशींनी ओळखीखातर चार बाजूला ठेवले होते, पाल्यासकट, मातीनं भरलेले.

"कुठे जातं हो सगळं बीट?" सूनबाईनं विचारलं.

"गोदामातले घेऊन जातात की. आठवड्याला चार क्रेट. इतकी माणसं येतात, जेवायला लागत असेल त्यांना," मावशी म्हणाल्या. सूनबाईनंही त्यावर फार विचार केला नाही.

घरी तिनं चारांतले दोन बीट ओट्यावर काढले आणि नवऱ्याला बजावलं, "कुकर लावा तेवढा. मी पाणी भरून येते. बीट सोलू नका. देठ दोन बोटं ठेवा, शेपटीला हात लावू नका. सालीसकट उकडलं की रंग आतच राहतो. मग अंगठ्यानं ढकललं की साल मोज्यासारखी निघते."

नवरा छापखान्यात कामाला होता. तिथे एकेक अक्षर तपासणारा हा माणूस घरात एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायचा. सूनबाई परत आली तेव्हा त्यानं बीट सोलून, फोडी करून, पातेलंभर पाण्यात रटरटा उकळले होते. फोडी पांढरट पडल्या होत्या. पाणी मात्र गर्द लाल.

"लवकर शिजावं म्हणून चिरले," नवरा म्हणाला.

"रंग गेला, चव गेली, आता खा कागद."

"वाया कशाला जाऊ द्यायचं? पाण्यात मीठ-लिंबू घालू, पिऊन टाकू."

दोघंही एकेक पेला प्यायले. पेला तोंडाशी नेताना सूनबाईला ओल्या मातीचा वास आला आणि ती थबकली. असाच वास गोदामात यायचा. बाबा त्याला 'भूमीच्या गर्भाचा सुगंध' म्हणायचे.

तेवढ्यात नवऱ्यानं उरलेलं पाणी मोरीत ओतायला नेलं आणि अर्धं रंगाऱ्याच्या बादलीत सांडलं. मागची भिंत रंगवायला रंगाऱ्यानं चुना कालवून ठेवला होता. लाल पाणी चुन्यात पडलं आणि बघता बघता पिवळं झालं.

"अगं, हे बघ काय झालं."

"बघते आहे," सूनबाई म्हणाली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासातून नवऱ्याचा आवाज आला. आवाज कसला, हंबरडाच. "अगं ए, मी मरतोय. लाल झाली."

"मरत नाही तुम्ही. मत्सर निघतोय तीन पिढ्यांचा," ती बाहेरून म्हणाली आणि हसता हसता खालीच बसली. तिची स्वतःची मात्र नेहमीसारखी पिवळी होती. पातेलं एक, पाणी एक, माणसं दोन. काहींच्या पोटात तो रंग विरून जातो, काहींच्या नाही. पापपुण्याचा काही संबंध नाही, पचनाचा आहे. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच घरात सापडलं होतं.

संध्याकाळपर्यंत नवऱ्याचं सगळं पूर्ववत झालं. तेव्हा मात्र सूनबाईचं हसू मावळलं. याचा रंग एका दिवसात उतरला. मग दहा दिवस रसाचा थेंब न घेतलेल्या मामंजींचा का उतरत नाही? घरात त्यांनी बीट खाल्लेलं नव्हतं. कवळी रंगते म्हणून ते बीटाकडे बघतही नसत.

ती खरोखर घाबरली.

"मामंजी, उद्या डॉक्टरकडे जाऊ या का?"

"डॉक्टरकडे कशाला? मला दुखत नाही, खुपत नाही. शुद्धी चालू आहे माझी, ती काय औषधानं थांबवायची?" आणि ते बाटली धुवायला उठले. त्यांना नुसतं सांगून उपयोग नव्हता. झाकण उघडून दाखवायला हवं होतं.

दोन बीट उरले होतेच. या वेळी तिनं ते स्वतः उकडले, सालीसकट, आणि नवऱ्याला पोटभर खायला घातले. सकाळी ती गोदामात गेली ती एका हातात नवऱ्याची बाटली आणि दुसऱ्या हातात चुन्याची बादली घेऊन. नवरा मागून तीन काचेचे पेले घेऊन येत होता, मान खाली घालून.

बाबांनी बाटली उजेडात धरली. "वा. किती जन्मांचा मळ निघालाय हा. रस किती दिवस घेतला?"

"एकदाही नाही. रात्री बीट खाल्लं," सूनबाई म्हणाली.

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बाबा सावरले. "बीटाचा काय संबंध? माझा रस सात डोंगरांवरच्या मुळ्यांचा आहे."

"माझ्याकडून नेता ते चार क्रेट मग कुठे जातात?" रांगेतून आवाज आला. स्वतःची बाटली पदराखाली धरून भाजीवाल्या मावशी उभ्या होत्या. "मला वाटलं जेवायला लागतात. आणि मी एकवीस दिवस माझंच बीट तुमच्याकडून पितेय?"

आता मात्र सगळं गोदाम हसलं. सूनबाईनं पेल्यांत थोडा थोडा चुना ओतला. पहिल्यात घागरीतला बाबांचा रस घातला. पिवळा झाला. दुसऱ्यात नवऱ्याची बाटली रिती केली. तीही पिवळी.

"चुना अपवित्र असतो," बाबा म्हणाले.

"असेल. पण तो खोटं बोलत नाही," मावशी म्हणाल्या. बँकेतल्या साहेबांनी अत्तराची कुपी हळूच खिशात घातली.

सूनबाई सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. "मामंजी, तुमची बाटली द्या."

त्यांनी दिली. तिसऱ्या पेल्यात ती ओतली आणि सगळे माना पुढे करून बघू लागले. पिवळा रंग आला नाही. चुना तांबूस झाला आणि तांबूसच राहिला.

हसणं थांबलं.

"हा बीटाचा रंग नाही, मामंजी. हे रक्त आहे असं मला वाटतं. कुठून येतंय ते मला कळत नाही. चुन्यालाही कळत नाही. मला फार भीती वाटते आहे."

घड्याळजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पेला बराच वेळ निरखला. मग बाबांकडे बघितलं. "तुम्ही रोज ही बाटली हातात घेत होता. एकदाही झाकण उघडून बघावंसं वाटलं नाही तुम्हाला?" घड्याळजी उठले. "मलाही नाही वाटलं," ते म्हणाले. "चल सूनबाई. कुठला तो डॉक्टर?"

मूत्राशयात गाठ होती. लहान होती. डॉक्टरबाईंनी ती काढली आणि त्या म्हणाल्या, "दुखत नाही म्हणून लोक घरी बसतात. तुम्ही वेळेत आलात." निचराबाबांची खुर्ची चुन्याच्या प्रयोगाच्या दुपारीच रिकामी झाली होती. शेवटच्या चार क्रेटचे पैसे मावशींना अजून मिळालेले नाहीत.

घड्याळजी पुन्हा दुकानात बसतात. दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायला जातात, न कुरकुरता. बारीक स्क्रू ठेवायला त्यांनी तीच जामची बाटली घेतली आहे, धुऊन. कोणी तिच्याबद्दल विचारलं की हातातलं काम बाजूला ठेवून सांगतात, "लाल दिसलं तर आधी आठवा, काल बीट खाल्लं होतं का? खाल्लं असेल तर एक दिवस थांबा. नसेल, किंवा दिवसानंतरही लाल असेल, तर डॉक्टरकडे जा. आणि तुमच्या आजाराबद्दल कोणी तुमचं अभिनंदन करायला लागला, तर तिथून आधी उठा. मी उठलो नव्हतो. मला सुनेनं उठवलं."