पार्वताबाईंचा उजवा कान

मित्रांनो, कान कधी जुना होतो का? होतो. मी तसाच एक आहे. वजनाला दोन शेंगदाण्यांएवढा, रंगाने गव्हाळ आणि वयाने आठ वर्षांचा. माणसांत आठ वर्षांचं लेकरू तिसरीत असतं, आमच्यात ते पेन्शनीत जातं. दवाखान्यात मला डिजिटल श्रवणयंत्र म्हणत. पण अकोल्याच्या जुन्या शहरात, ज्या घरी मी नांदलो तिथे, माझी ओळख एकच होती. पार्वताबाईंचा उजवा कान.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात तिळाएवढी एक चीप आहे. पाठीवरच्या दोन बारीक छिद्रांतून मी आवाज आत घेतो, त्याचे आकडे करतो, आकडे धान्यासारखे चाळतो, आणि खडा बाजूला काढून दाणा तेवढा कानात सोडतो. हे सगळं पापणी लवायच्या आत. माझ्या थोरल्या पिढीला एवढं जमत नव्हतं. पार्वताबाईंचे सासरे जानराव यांच्याकडे सदऱ्याच्या खिशात ठेवायची पेटी होती, आणि तिची वायर कानापर्यंत. पेटी इमानी, पण भोळी. बोलणं, पंखा, कुकरची शिटी, सगळं सारखंच मोठं करायची. घरात भांडण जुंपलं की जानराव खिशात हात घालून ती बंद करत आणि म्हणत, "हं, आता बोला काय बोलाचं ते." त्या पेटीला मी मनोमन हात जोडतो. थोरांनी वाट पाडली म्हणून आपण चालतो.

पार्वताबाईंना हळूहळू ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्यांची सून सीमा त्यांना धम्मदीप सरांकडे घेऊन गेली. कान तपासणं आणि आमच्यासारख्यांना शिकवून तयार करणं हे सरांचं काम. बंद खोलीत बारीकसारीक आवाज ऐकवून त्यांनी पार्वताबाईंच्या कानाचा आलेख काढला. कोणता आवाज किती हरवला आहे ते त्यावर दिसत होतं. जेवढं हरवलं तेवढंच भरून द्यायचं, कणभर जास्त नाही, असं त्यांनी मला संगणकावरून नीट समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वताबाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्याशिवाय त्या चहा घेत नसत, असा त्यांचा नेमच होता. पाणी घालताना त्या मध्येच थांबल्या.

"सीमा, हे किणकिण कायची वं?"

"आई, तुमच्याच बांगड्यायची."

त्या बराच वेळ हात हलवत तिथेच उभ्या राहिल्या. चहा निवून गेला. मित्रांनो, खरं सांगतो, त्या सकाळी मला देवघरातल्या समईएवढा मान मिळाल्यासारखं वाटलं.

पण एक गोष्ट मला जमत नव्हती, आणि तीच त्यांना सगळ्यांत जास्त हवी होती.

आमच्या वऱ्हाडात भाद्रपदाच्या पुनवेला घरोघरी भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, बसते. कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी मुली तिच्यापुढे टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. मग खाऊचा डबा येतो. झाकण उघडायचं नाही, डबा हलवायचा आणि नुसत्या आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. पार्वताबाईंना भुलाबाईची सगळी गाणी पाठ होती आणि डबा ओळखण्यात त्या कधी हरल्या नव्हत्या. कान गेले तशा त्या गाताना एक ओळ मागे पडू लागल्या. एका पोरीने टोमणा मारला, "आजीची पॅसेंजर लेट हाय वं!" सगळ्या हसल्या. तेव्हापासून तीन वर्षं पार्वताबाई भुलाबाईपुढे बसल्या नव्हत्या. मुली मोबाइलवर गाणी लावत आणि त्या आतल्या खोलीत माळ ओढत.

मी आलो त्या वर्षी त्यांची नात दामिनी त्यांना हाताला धरून घेऊन आली. पार्वताबाईंनी पहिलं गाणं उचललं आणि दोन ओळींतच त्या थांबल्या. चूक माझी होती. मला बोलणं सांभाळायला शिकवलं होतं. लांबवलेला सूर आला की मला वाटे, ही यंत्राचीच शिटी वाजते आहे, आणि मी तो दाबून टाकत असे. डब्याचा खडखडाट आला की कानाला त्रास नको म्हणून तोही मऊ करत असे. चाळता चाळता मी दाणेच फेकत होतो.

"बोलणं आयकू येते," त्या सीमाला म्हणाल्या, "गाणं नाई येत. देवानं गाणं नेलं असन माह्यं." आणि त्या आत निघून गेल्या.

मग दसरा आला. घरात सगळ्या हत्यारांची पूजा झाली. सीमाची शिलाई मशीन, दामिनीची कंपासपेटी, विळा, खलबत्ता. पार्वताबाईंनी मलाही पाटावर ठेवलं. हळद लावली, आणि चिमूटभर कुंकू नेमकं माझ्या दोन छिद्रांवर. भक्तीने, चांगलं दाबून. माझे श्वासच बंद झाले.

"आई! यंत्राच्या कानातच कुंकू भरलं तुमी!"

पार्वताबाईंना काही ऐकू आलं नाही. सीमाने खुणेने दाखवलं तेव्हा त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "माह्यासाठी रोज राबते ते. त्याची पूजा नाई कराची त कोनाची कराची?"

कोजागिरी चार दिवसांवर होती. तिघी मला रुमालात बांधून सरांकडे गेल्या. सरांनी भिंग लावून पाहिलं आणि खुदकन हसले. बारीक ब्रशने कुंकू काढलं, छिद्रांवरची जाळी बदलली, आणि मला पुन्हा कानामागे बसवलं.

"आजी, पूजा करा, पन याले एक फूल पुरे. कुंकू भुलाबाईले वाहा."

"भुलाबाई कायची आता," पार्वताबाई पुटपुटल्या.

दामिनीला राहवलं नाही. "सर, आजीले सगळं आयकू येते, पन गानंच आयकू येत नाई. म्हनून ते बसतच नाई आमच्यात."

सरांचं हसू थांबलं. त्यांनी संगणक उघडला. "हे मले आधी काहून नाई सांगतलं? म्हना बरं एखादं."

पार्वताबाईंनी लाजून पदर तोंडाला लावला. मग दामिनीनेच सुरुवात केली, आणि मित्रांनो, इतकी बेसूर की मला पंख असते तर मी उडालो असतो. आजी दोन ओळी सोसून राहिल्या. तिसऱ्या ओळीला म्हणाल्या, "थांब पोट्टे, वाट लावली गान्याची," आणि स्वतः गाऊ लागल्या. त्या गात होत्या आणि सर एकेक कळ दाबून मला शिकवत होते. हा सूर आहे, दाबू नकोस. हा खडखडाट आहे, येऊ दे. हा आवाज आजींचाच आहे, भिऊ नकोस. माझ्यात गाण्यासाठी वेगळी जागा तयार झाली. पाठीवरचं बटण एकदा दाबलं की मी बोलण्यातून गाण्यात जाऊ लागलो. एका यंत्रात दोन कान! जानरावांची पेटी असती तर तिने माझी दृष्टच काढली असती.

आम्ही बाहेर आलो, तर बाकावर खुशालराव नावाचे एक आजोबा बसले होते. मुलाने बळेच आणलं होतं त्यांना. "मले काई नाई झालं, लोकंच हळू बोलतेत," एवढंच ते म्हणत होते. गाणं त्यांच्याही कानावर थोडंफार गेलं असावं. त्यांनी खिशातली डबी काढून पार्वताबाईंपुढे खुळखुळवली. "हे वळखा बरं, बाई."

"औषधाच्या गोया हायेत. अन् दोनच उरल्या. घरी जातानी घेऊन जा."

सगळा दवाखाना हसला. खुशालराव डबी उघडून दोनदा मोजत बसले, आणि मग आपणहून तपासणीच्या खोलीत गेले.

कोजागिरीला दिवेलागणीच्या वेळी ज्वारीच्या धांड्यांच्या, म्हणजे ताटांच्या, मखरात भुलाबाई सजली. पार्वताबाईंनी कानामागे हात नेला, बटण दाबलं आणि गाणं उचललं. एकेक करत मुली त्यांच्या सुरात मिसळल्या. कोणीतरी मोबाइल बंद केला. गाण्यामागून गाणं निघत राहिलं. त्यातली कितीतरी त्या मुलींनी कधी ऐकलीच नव्हती.

"आजी, आता भुलाबाई जाईन. उद्यापासून काय करू?" दामिनीने विचारलं.

"उद्यापासून शिका. बारा महिने हायेत."

आणि त्यांनी खरोखर शिकवलं. पुढे सात भुलाबाया मी ऐकल्या.

यंदा पार्वताबाईंसाठी नवा कान आला. बोलणं कोणतं आणि गाणं कोणतं हे त्याचं त्यालाच कळतं, बटण लागत नाही. फोन थेट कानात बोलतो. सेलही बदलावे लागत नाहीत. मला हेवा नाही. घराण्याचं नाव पुढे चाललं आहे. मी डबीत असतो, आणि नव्याला दुरुस्तीला नेलं की आजही कामावर हजर होतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी टीव्ही मोठ्याने लावत असेल तर हसू नका, त्यांना तपासायला न्या. आम्हाला घामापासून आणि पाण्यापासून जपा. आणि घरातलं मोठं माणूस "काय म्हटलं?" असं विचारेल, तेव्हा पुन्हा एकदा सांगा. "काही नाही, राहू द्या" म्हणू नका. त्या चार शब्दांवर माझ्याकडेच काय, यंदाच्या नव्या कानाकडेही इलाज नाही.