आईच्या बायबलची पानं

धाकटा भाऊ नगराध्यक्ष झाला, तेव्हा बाइंडरने चारचौघांत टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन दाराची कडी जरा जोरातच लावली.

धाकट्याचं हे लहानपणापासूनचंच. शाळेत बक्षीस त्याला, घरात कौतुक त्याचं, आणि आता गावही त्याचंच. तेही थोरल्याने गिळलं असतं. पण आईने जाताना आपलं बायबल धाकट्याला दिलं, ते काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही. आईची नजर गेल्यावर अकरा वर्षं रोज दुपारी बाइंडिंगचं दुकान बंद करून तिला ते वाचून कोण दाखवत होतं? धाकटा तेव्हा सभा गाजवत होता.

आणि आता तेच बायबल काखेत मारून तो दुकानाच्या दारात उभा होता. नगरपालिकेची रीत अशी, की नव्या अध्यक्षाने आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. पुस्तक तर खिळखिळं झालेलं. चार दिवसांत बांधून मिळेल का, असं त्याने विचारलं. वरचं कातडं मात्र आईच्या वेळचंच राहू दे म्हणाला.

"ठेव तिथे," थोरला म्हणाला. बस म्हणाला नाही. आई गेल्यापासून त्याने धाकट्याला उंबऱ्याच्या आत घेतलंच नव्हतं.

त्याने पुस्तक उसवलं. कुठलं पान जास्त वाचलं गेलंय, हे बाइंडरला कडेच्या मळावरूनच कळतं. एके ठिकाणी कड पार काळी पडली होती. ते पान कुठलं, हे त्याला न उघडताच ठाऊक होतं. दोन मुलांची गोष्ट. धाकटा घरातला वाटा घेऊन जातो, उधळून परत येतो. बाप त्याला मेजवानी देतो, आणि इमानाने राबलेला थोरला रागाने बाहेरच उभा राहतो. आई ती पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. वाचताना दर वेळी याच्या मनात यायचं, बिचाऱ्या थोरल्याचं चुकलं काय?

तो काळा डाग त्याच्या अंगठ्याचा होता. आणि तो जाणार कुठे, तर धाकट्याच्या काचेच्या कपाटात. बाइंडरच्या अंगाचा तिळपापड झाला.

शपथेच्या वेळी बायबल कोणी उघडत नाही, हे त्याने चांगलं पाहिलेलं होतं. नुसता हात ठेवतात आणि फोटो काढतात. त्याने त्याच मापाचे कोरे कागद कापले, शिवले, कडेला चहाचं पाणी लावून जुने केले आणि त्यावर आईचं कातडं चढवलं. खरी पानं आपल्या शिकंज्यात दाबून ठेवली. कामात मात्र तसूभर खोट नव्हती. चोरीसुद्धा त्याने मन लावून केली.

सभागृह गच्च भरलं होतं. धाकट्याने हात ठेवला, खणखणीत आवाजात शपथ घेतली. मागच्या रांगेत बसलेला थोरला मनातल्या मनात उड्या मारत होता. घे, कोऱ्या कागदावर घे.

टाळ्या थांबल्या तरी धाकटा खाली बसला नाही. "माझ्या आईला हे पुस्तक माझ्या दादाने अकरा वर्षं वाचून दाखवलं," तो म्हणाला. "तिची आवडती गोष्ट आज त्यानेच इथे वाचावी."

बाइंडर खुर्चीला चिकटूनच बसला. लोकांनी त्याला जवळजवळ ढकलतच वर नेलं. धाकट्याने पुस्तक त्याच्या हातात दिलं, आपणच मधोमध उघडलं, आणि धाकट्याचा चेहरा पानांसारखाच पांढरा पडला.

मग तो दादाच्या कानाशी वाकला. "वाच, दादा. तुला पाठ आहे. आई म्हणाली होती, थोरल्याला पुस्तक लागत नाही. म्हणून तर मला दिलं."

बाइंडरने कोऱ्या पानाकडे बघत गोष्ट सांगितली, आईला सांगायचा तशीच. थोरला बाहेर उभा आहे आणि बाप त्याची समजूत काढायला येतो, तिथवर आला आणि त्याचा आवाज चिरकला. लोकांना वाटलं, आईच्या आठवणीने. खरं तर त्याही क्षणी तो जळतच होता. आईचं ते एक वाक्य इतकी वर्षं धाकट्याकडे होतं.

संध्याकाळी धाकटा दुकानावर आला आणि सवयीने दारातच थांबला. गळ्यात अजून अध्यक्षाची माळ होती.

"माझी शपथ लागू आहे की नाही?"

"वकिलाला विचार."

"तुला विचारतोय. खरी पानं कुठे आहेत?"

थोरल्याने शिकंज्याकडे बोट दाखवलं.

"मग मला शपथ परत घेऊ दे. फोटो नको, कोणी नको. तू ऐक फक्त."

त्या गोष्टीतला थोरला शेवटी आत जातो की नाही, हे बायबलात कुठेच लिहिलेलं नाही. आईला बाइंडरने ते कितीदा विचारलं होतं, ती नुसती हसायची. आज उंबरा थोरल्याचा होता आणि बाहेर उभा होता धाकटा. त्याला तसंच उभं ठेवणं सोपं होतं. खरं सांगायचं तर गोडही वाटत होतं.

त्याने शिकंजा सैल केला. स्टुलावरची कागदाची कात्रणं खाली झटकली.

"आत ये," तो म्हणाला. "आणि आधी हात धू. मळ माझा आहे त्यावर, तुझा नको."