चिंच-मिठाने घासलेला दगड

दमयंतीने सकाळपासून तीनदा देव्हारा पुसला होता. पनवेलच्या कॉलेजात शिकवणारे स्वानंद सर यायचे होते. वाळवंटात सापडलेले, आभाळातून पडलेले दगड ते जमवत. चाळीसेक त्यांच्या कपाटात होते म्हणे, आणि निम्म्यांना अजून ना नाव ना नंबर.

दमयंतीचा दगडही तसाच, बिननावाचा. तिचा नवरा दिनानाथ अल्जिरियाच्या वाळवंटात रस्त्याच्या कामावर रोलर चालवायला गेला होता. सोबतच्यांनी येताना सोन्याच्या पाटल्या आणल्या, याने दोन काळे दगड. एक बायकोला दिला, दुसरा पुडक्यासकट भाऊबीजेला बहिणीच्या ताटात टाकला. "वरून पडलेत," एवढंच म्हणाला. बहीण भामाने त्याच दिवशी त्याला 'दगड्या' नाव ठेवलं आणि गावाने ते उचललं. नऊ वर्षांपूर्वी तिरडी उठली, तेव्हाही मागच्या रांगेत कुणीतरी तेच नाव घेतलं. दमयंतीच्या कानांनी ते टिपून ठेवलं होतं. आता दगड खरंच वरून पडलाय असा शिक्क्याचा एक कागद यावा आणि तो भामाच्या नाकासमोर धरावा, एवढंच तिला पाहिजे होतं.

भामा विधवा होऊन माहेरी आलेली, वरच्या मजल्यावर राहायची. सर आले तेव्हा ती बरोब्बर जिन्याच्या खालच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती.

सरांनी दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक दगडाजवळ नेला. तो टचकन चिकटला.

"वरूनच आलेला दिसतोय, आजी."

दमयंतीची मान ताठ झाली. तिने जिन्याकडे पाहिलं. मग सरांनी भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"याच्यावर काळी साल असेल ना? ती कुठे गेली?"

"साल कसली, मळ होता तो. मीच काढला. दर अमावास्येला देवांबरोबर चिंच-मीठ लावून घासते. आज तुम्ही येणार म्हणून परत घासला. बघा, कसा चकाकतो."

"मीठ लावता?"

"मग शाम्पू लावू का?"

सर हसले नाहीत. पडताना जळून जी साल होते, तीच दगडाची ओळख, ते म्हणाले. आत लोखंडाचे कण असतात, मीठ मुरलं की ते आतून गंजतात. त्यांनी बोटाने दाखवलं, जागोजागी पिवळ्या फुटकुळ्या आल्या होत्या. आणि नेमका सापडला कुठे, ते कुणी लिहून ठेवलंय का?

कुणी नव्हतं ठेवलं. मग या दगडाला कागद मिळणं कठीण, सर म्हणाले.

दमयंतीने दगड हातात घेऊन त्या फुटकुळ्यांवरून अंगठा फिरवला. नऊ वर्षं. गुडघे गेले तरी पाटावर बसून घासत आली. दिनानाथ जिवंत असताना त्याचं डोकंसुद्धा तिने एवढ्या निगुतीने चोळलं नव्हतं. दुर्लक्ष करून बिघडलं असतं तर सोसलं असतं, हे जपून बिघडलं होतं.

"फोनवर दोन होते म्हणालात ना?" सरांनी विचारलं. "दुसरा?"

"माझ्या ट्रंकेत हाय," जिन्यावरून आवाज आला. "पुडकं सोडलंपण नाय. भाऊबीजेला दगड देतो का कोण? राग आला मना, तसाच टाकला."

"आण इकडं."

"वर येऊन माग, वहिनी," म्हणत भामा मेथी पायरीवरच ठेवून वर गेली.

सहा वर्षांत दमयंती तो जिना चढली नव्हती. एकेका पायरीला ती गुडघ्याला, भामाला आणि दिनानाथला आळीपाळीने शिव्या देत चढली. वर पोचून म्हणाली, "दे." भामा हलली नाही. "दे ग बाई," ती म्हणाली, आणि ते दोन शब्द तिला जिन्यापेक्षा जड गेले.

गोधड्यांखालून, डांबराच्या गोळ्यांमधून पुडकं निघालं, ते भामाने खाली आणून सरांसमोर सोडलं. अरबी छापाचा पेपर, वर सुतळी, आणि पेपराच्या कडेला दिनानाथचं वाकडं अक्षर: कुठल्या गावापासून किती किलोमीटर, कुठल्या तारखेला. आतला दगड करपलेल्या भाकरीसारखा काळा, साल जशीच्या तशी. सरांनी तो भिंगाखाली धरून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"वीस ग्रॅम कापून प्रयोगशाळेला द्यावा लागेल," ते म्हणाले. "वर्ष-दोन वर्षं जातील. नाव मात्र वाळवंटाचं आणि पुढे नंबर. माणसाचं नाव दगडाला देत नाहीत. कुणाला सापडला, कुणाकडे आहे, हे लिहितात."

"माझ्याकडं हाय," भामा लगेच म्हणाली.

दमयंतीच्या तोंडाशी बरंच आलं. तिने गिळलं.

"लिहा, सर. हिच्याकडं हाय. तोंडपण बघितलं नाय त्याचं, म्हणून टिकला, तेपण लिहा. पण पयलं ज्यांना सापडला त्यांचं लिहा."

सरांनी पेन उघडलं. "नाव?"

"मी नाय घेत त्यांचं नाव," दमयंती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिने उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नव्हतं. ती भामाकडे वळली. "तू सांग. बापाच्या नावासकट."

भामाने मेथीच्या काड्या पदरात गोळा केल्या, पुन्हा सोडल्या.

"दिनानाथ काशिराम घरत," ती पुटपुटली.

"सरांना ऐकू नाय आलं," दमयंती म्हणाली. "परत सांग."

भामाने परत सांगितलं. सर लिहीत होते. दमयंती पेनाकडे बघत उभी होती, आणि तिच्या बोटांना अजून चिंचेचा वास येत होता.