इस्त्रीची मूठ

"बघतोय काय टकमक? डोळे आहेत की भिंगं!" थोरली जाऊ पुटपुटली.

इस्त्रीच्या कारखान्यातला डिझाइनवाला साहेब सकाळपासून तिच्या पाठीमागे उभा होता. ती इस्त्रीला मूठ बसवायची आणि शेजारच्या टेबलावर तिची धाकटी जाऊ वायर जोडायची.

"मावशी, यात त्रासाचं काय वाटतं तुम्हाला?" साहेबाने विचारलं. "नवं मॉडेल काढतोय. जोडायला सोपं आणि स्वस्त हवं."

सोपं! सोपं झालं की बाई कशाला हवी? हा गोडबोल्या आपल्या मुळावरच आलाय, याबद्दल तिला तिळमात्र शंका उरली नाही. नवऱ्याने अंथरूण धरल्यापासून घर तिच्या पगारावर चाललं होतं.

मग तिने आपल्या परीने डाव टाकला. काम असं अवघड दाखवायचं, की हिच्यावाचून इस्त्री होणेच नाही असं त्याला वाटलं पाहिजे. मुठीखालचा स्क्रू ती एरवी न बघता बसवायची. आज तिने तो मुद्दाम पाडला, उचलला, ओठ चावत पिळला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"हे येरागबाळ्याचं काम नाही, साहेब. हात बसायलाच वर्षं जातात."

साहेब गंभीरपणे मान डोलवत राहिला. धाकटी म्हणजे अगदीच भोळी! "माझं काय, एकदम सोप्पं," म्हणत हसत हसत वायरी जोडत सुटली. थोरलीने डोळे वटारले, पण तिचं लक्ष असेल तर ना!

जेवणाच्या सुट्टीत थोरलीने तिला फैलावर घेतलं. "त्याच्याशी काय गुलुगुलु चाललं होतं गं? माझं काही बोललीस?"

"अहो ताई, त्यांनी वायरीचं विचारलं, मी वायरीचं सांगितलं."

थोरलीचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून ती दोघांवरही डोळा ठेवून होती.

नवं मॉडेल आलं, त्यात मुठीला स्क्रूच नव्हता. दोन खटके होते, दाबले की मूठ बसली.

"मावशी, हे तुमच्यामुळे झालं," साहेब अगदी मनापासून म्हणाला. "तुमचे हाल बघितले नसते, तर त्या स्क्रूकडे माझं लक्षही गेलं नसतं. वायरीचं सोपं होतं, ते तसंच ठेवलंय."

सुपरवायझरने नजर चुकवत पुढचं सांगितलं. मूठ आता धाकटीच बसवेल. थोरलीला पुढच्या महिन्यापासून काम नाही.

थोरली तरातरा धाकटीकडे वळली, आणि तिथेच थांबली. आळ घ्यायचा तरी कुणावर? तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"ताई, खरंच, मी काही नाही हो सांगितलं..." धाकटी रडायला लागली.

"ठाऊक आहे गं मला."

तिने नवी मूठ उचलली आणि दाबून बघितली. मग ओढली, हलवली, उलटीपालटी केली. कुठेतरी खोट सापडेल असं तिला अजून वाटत होतं. मूठ जागची हलली नाही.

"डोळे पूस आणि इकडे बघ," तिने दुसरी इस्त्री धाकटीपुढे ठेवली. "आधी मागची बाजू टेकव, मग पुढून दाब. नाहीतर बोट चिमटेल."