एक्केचाळिसाव्या सामन्याचे अर्धुक

मित्रांनो, मी एक जुने तिकीट आहे. खरे तर तिकीटही नाही, तिकिटाचे नुसते अर्धुक! ओहायोतल्या एका छोट्या गावात बेसबॉलच्या मैदानावर दारवानाने मला टर्रकन फाडले आणि माझा उरलेला तुकडा ऑर्व्हिल हॅस्किन्सच्या हातात दिला. ऑर्व्हिल टायरच्या कारखान्यात कामाला होता. त्या दिवसापासून मी जे गोंधळले, ते आजवर गोंधळलेलेच आहे.

माझ्या अंगावर तारीख नाही. ‘सामना ४१’ एवढेच छापले आहे. त्या दिवशी खेळ सुरू होतो न होतो तोच धो धो पाऊस आला. ऑर्व्हिलने खांद्यावर झोपलेल्या लेकीला आपल्या जाकिटात गुंडाळले, मला खिशात कोंबले आणि घर गाठले. पुढे केव्हातरी, कडक उन्हाच्या दिवशी, त्याने मला पुन्हा त्याच दारवानापुढे धरले. दारवानाने मला कचकन भोक पाडले. माझा गुन्हा काय, काही कळेना! बापाची टोपी घातलेली चिमुरडी ग्लेंडा मात्र मला मुठीत धरून दिवसभर खिदळत होती.

त्याच हिवाळ्यात ऑर्व्हिल वारला. ग्लेंडाने मला बिस्किटांच्या डब्यात जपले. बापाची तिला तेवढी एकच आठवण होती. पण थोरला भाऊ व्हर्नन ती मानायलाच तयार नसे.

“बाबा आणि मैदानावर? स्वप्न पडलं असेल तुला! कोपऱ्यापर्यंत तरी नेलं का त्यांनी आपल्याला कधी?”

ऐकून ऐकून ग्लेंडाच्या मनातही पाल चुकचुकू लागली. केस पिकल्यावर एकदा ती मला जुन्या तिकिटांचे व्यापारी कोवाल्स्की यांच्याकडे घेऊन गेली. गंमत बघायला व्हर्ननही आला.

कोवाल्स्कींनी भिंग लावले. “एक्केचाळिसावा? बाई, हा सामना दुसऱ्याच डावात पावसानं बुडाला.”

“बघ! आणि म्हणे कडक ऊन!” व्हर्नन हसला.

ग्लेंडाचा चेहरा पडला. मीही चक्रावले. ऊन तर मलाही लागले होते!

कोवाल्स्कींनी नाक मुरडले. “वर हे भोक! किंमत गेलीच म्हणा. बुडालेल्या सामन्याच्या बदली त्याच तिकिटावर दुसऱ्या एखाद्या सामन्याला आत सोडायचे ना, तेव्हा पाडायचे. लेकाचे, चांगल्या तिकिटांची वाट लावायचे.”

व्हर्ननचे हसू मावळले.

“म्हणजे... बाबा परत गेले होते?”

“मला घेऊन,” ग्लेंडा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“मग जिंकलं कोण गं?”

“कुणाला ठाऊक! मी बाबांकडंच बघत होते.”

मित्रांनो, मी पावसाच्या दिवसाचे की उन्हाच्या, हे मला अजून उलगडलेले नाही. पण एक विनंती आहे. जुन्या कागदाला भोक दिसले म्हणून तो लगेच केरात टाकू नका. हल्ली व्हर्नन दर रविवारी ग्लेंडाकडे येतो. मला खिडकीच्या उजेडात धरतो आणि एक डोळा मिटून त्या भोकातून कितीतरी वेळ पाहत राहतो. त्याला काय दिसते, देव जाणे!