पिनाबाई

जीवशास्त्राच्या बाईंना मुली पाठीमागे पिनाबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊकही होतं. म्हणेनात का! दरवर्षी नवी पुस्तकं आली की बाई दहावीच्या मुलींच्या पुस्तकांचा ढीग टेबलावर घेत आणि प्रजननाच्या धड्याची पानं स्टेपलरने टाचून टाकत. वर एक पिन, मध्ये एक, खाली एक. बेचाळीस पुस्तकं एका दुपारी उरकत. पुढे दर सोमवारी पुस्तकं मागवायची आणि पिना जागेवर आहेत ना, ते बोटाने चाचपायचं. अकरा वर्षांत एक पिन कमी भरली नव्हती. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं त्या मुख्याध्यापकांना सांगत. तो धडा आपल्या गळ्यात पडेल या धास्तीने मुख्याध्यापकही मान डोलावत.

त्या बेचाळीस जणींत यंदा बाईंची भाची होती. बहीण वारली तेव्हापासून पोर त्यांच्याकडेच वाढलेली. गुणाची पोर! ऊठ म्हटलं की उठणार, बस म्हटलं की बसणार. एकदा भाजी चिरता चिरता तिने विचारलं, "मावशी, पहिल्यांदा काही होत नाही ना गं?"

बाईंच्या हातातली सुरी थांबली. "कुठून ऐकून आलीस हे? थोबाड फोडीन! अभ्यास कर."

पोर अभ्यासाला बसली. बाईंना वाटलं, विषय संपला. असा कुठे संपतो विषय!

तीन महिन्यांनी ती वर्गात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि दार लावून घेतलं. "चौथा महिना आहे. आधी आणलं असतंत तर नुसत्या गोळ्यांवर निभावलं असतं. आता अंगात रक्त नाही, भलतंच अशक्त झालीय पोर. मंगळवारी सकाळी ऑपरेशनला आत घेऊ, पण धोका आहे, आधीच सांगते." मग कागद भरताना त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"जीवशास्त्र शिकवते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं बघत राहिल्या. त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

बाई खाटेपाशी आल्या त्या तडतडतच. "अगं, पाळी चुकली तेव्हा तरी बोलायचंस!"

"मला काय माहीत, त्याचा याच्याशी संबंध असतो ते? तो म्हणाला, पहिल्या वेळी काही होत नाही. तुला विचारलं, तर तू म्हणालीस अभ्यास कर. मग मी पुस्तक उघडलं."

"मग?"

"पिना होत्या."

"काढायच्या की मग, मूर्खे!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

पोरीने मावशीकडे पाहिलं. "तू सोमवारी बघतेस ना."

सोमवारी बाई रजेचा अर्ज द्यायला शाळेत गेल्या. सवयीने मुलींनी पुस्तकांचा ढीग प्रयोगशाळेतल्या टेबलावर रचून ठेवला होता. बाईंनी दार आतून लावलं आणि पिना उपसायला बसल्या. पहिल्या पुस्तकातली पिन निघाली, तर शेजारी आणखी दोन बारीक भोकं. दुसऱ्यातही तीच. तिसऱ्यात तर धड्याखाली पेन्सिलीच्या रेघा, आणि समासात कुणीतरी लिहिलेलं, 'हे नीट वाच, कामाचं आहे.' एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुस्तकं तशीच! पोरींनी पहिल्याच आठवड्यात पिना काढल्या होत्या, वाचलं होतं आणि आपल्या स्टेपलरने पुन्हा टाचून ठेवलं होतं. बाई जे चाचपत होत्या, ते मुलींचं काम होतं.

शेवटी त्यांनी, चक्कर आली त्या दिवसापासून शाळेतच राहिलेल्या भाचीच्या दप्तरातलं पुस्तक काढलं. तीन पिना आणि त्यांची तेवढीच भोकं. आतली पानं छापखान्यातून आली तशी कोरी करकरीत.

साऱ्या वर्गात बाईंचं ऐकणारी एकच निघाली होती, आणि तिला उद्या सकाळी आत घेणार होते.